परज

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात.
मी एकतीस वर्षं दात कोरूनच पोट भरलं,
मात्सुएत, तळ्याकडच्या एका दुमजली प्रयोगशाळेत.
मेणाचे, मग धातूचे, मग चिनीमातीचे दात,
ज्यांची तोंडं कधी पाहिली नाहीत अशा माणसांचे.

निवृत्तीनंतरच्या तिसऱ्या रविवारी
देवळामागच्या जुन्या बाजारात
निळ्या ताडपत्रीवर, सुट्ट्या घड्याळ-काट्यांच्या शेजारी
ती पडली होती:
तळहातात मावेल एवढी लोखंडी चकती,
पातं आणि मूठ यांच्या मधली.
पातं नाही, मूठ नाही. नुसती परज.
परजली कुणी, कुणावर, की कधीच नाही,
लोखंड काही बोलत नव्हतं.

निशिगोरी म्हणाला, एदो काळातली, बाई. खात्रीची.
हसला तेव्हा वरचा डावा सुळा दिसला.
बसवलेला. काम बरं, रंग एक छटा चुकलेला.
माझ्या हातचा नव्हे.
ज्याला आपल्याच तोंडातलं खोटं दिसत नाही
त्याची खात्री किती धरायची?
तरी बावीस हजार येन मोजले.
घासाघीस केली ती हजाराची,
तीही लाजेकाजेस्तव.

घरी वर्तमानपत्र अंथरलं, दिवा ओढला,
दहापट भिंग डोळ्याला लावलं.
बाकी मला काही येत नाही, पण ओतकाम कळतं.
ओतलेल्या धातूत श्वास अडकतो,
टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे कोपऱ्यात दडतात.
साच्याच्या दोन अर्ध्यांची शिवण
बाहेरून कितीही घासा,
जाळीच्या आतल्या कडेला राहतेच.
मी शिवण शोधली. रात्रीचे साडेअकरा वाजले.
सापडले ते कानशीचे ओरखडे,
तिरके, घाईचे, एका जागी हात घसरलेला.
आणि काठावर गाठी, लोखंडाची हाडंच जणू,
हातोडीखाली नीट न मिसळलेली.

मधल्या उभ्या भोकाच्या दोन्ही टोकांना तांबं ठोकलेलं.
हे ओळखायला भिंग लागलं नाही.
भराव!
आधी कुणी भोक रुंद केलं जाड पात्यासाठी,
मग कुणी बुजवलं बारीक पात्यासाठी.
म्हणजे तीन तलवारी, निदान.
एका बाजूचं तांबं झिजून गुळगुळीत,
दुसऱ्या बाजूचं मागाहून आलेलं, जरा उद्धट.

भोकाच्या डावीकडे सही होती.
भोक रुंदावताना कानशीने नाव खाल्लं.
शेवटचं अक्षर तेवढं वाचलं,
'ने केली'.

कुवाबारांकडे नेली. वय शहाऐंशी, आयुष्य पाती घासण्यात गेलेलं.
त्यांनी भिंग घेतलं नाही, चष्माही काढून ठेवला,
आणि अंगठ्याने ती दोनदा फिरवली.
मी म्हटलं, जाळीत लाट कोरलीय.
ते म्हणाले, मुळा आहे.
मी पाहिलं. मुळाच होता, पानांसकट.
तीन दिवस मी मुळ्याला समुद्र म्हणत होते.

खरी आहे?
आहे. मोठ्या घराण्याची नाही. इकडचीच असेल, नसेलही.
दोनशे वर्षं, वीस इकडे, वीस तिकडे.
महाग पडली?
थोडी. पहिली सगळ्यांनाच पडते.
मग माझ्या पिशवीतली तेलाची बाटली पाहून
ते प्रथमच चिडले. तेल नको. तारेचा ब्रश तर मुळीच नको.
जुनं सुती कापड, रोज थोडं, दहा वर्षं.

मी चौसष्टची.
हिशेब केला आणि नवऱ्याचा जुना अंतर्वस्त्राचा सदरा फाडला.
रात्री बातम्या लागल्या की घासत बसते.
कापड तांबूस होतं, मग तपकिरी,
हल्ली दोन-तीन दिवस काहीच उतरत नाही.
हवामानवाली वाऱ्याचे बाण दाखवते
आणि अंगठा आपसूक
हात घसरलेल्या त्या जागी जाऊन थांबतो.

निशिगोरीला अजून सांगितलेलं नाही
की सुळा एक छटा गडद हवा होता.
सांगावं का?
त्याने विचारलं नाही, मीही बिल मागितलं नव्हतं.
येत्या रविवारी बघू.
ताडपत्रीच्या कोपऱ्यात आणखी एक चकती होती,
तिच्यात शिवण होती, लांबूनच दिसली मला,
तरी हातात घेऊन बघायची आहे.