एक हजार एक

पहाटे तीन चाळीसला सुन्निवाचा फोन, लिलावाच्या हॉलमधून.
मागे क्रेनची करकर, कुणीतरी शिवी हासडतंय.
"काटा वजन घेतो, पण लेबल छापत नाही.
दोन ट्रॉलर धक्क्याला लागलेत.
सहाला बोली."

क्लाक्सविकमध्ये मार्चच्या या वेळेला
खिडकीबाहेर असतो तो फक्त वारा.
स्वेटर उलटाच चढवला,
दिवा न लावता ओट्यावर लॅपटॉप उघडला,
पासवर्ड दोनदा चुकला. बोटं अजून झोपेत होती.

प्रॉम्प्ट आला.
हा कधी विचारत नाही, इतक्या रात्री कशाला आलीस.
लुकलुकत राहतो, कोरी पाटी पुढे धरून.

डीएफ म्हणाला, डिस्क भरली. शंभर टक्के.
डीयू म्हणाला, छे, साठ-बासष्ट.
दोघेही खोटं न बोलणारे,
वीस वर्षं ओळखते मी त्यांना.
एक कोठार मोजतो, दुसरा पोती,
आणि आज पोती कमी भरतायत.
मग घोडं पेंड खातंय कुठं?

फोल्डर फोल्डर चाळला.
जुने बॅकअप. कुठल्याशा नाताळातले हॅडकचे भाव.
कुणाच्या तरी लग्नाचे फोटो,
जे इथं असायलाच नकोत.
सगळं मिळून मूठभर.

तेव्हा आठवलं,
बुधवारी दुपारी एक लॉग फुगला होता.
मी तो न वाचताच उडवला
आणि वर कॉफी प्यायले, मोठं काम केल्यासारखी.

नाव पुसलं म्हणजे फाइल जात नाही.
कुणी ती उघडी धरून बसलेलं असलं
तर राहते ती, कुठल्याच यादीत नसलेली,
जागा अडवून, वाढत.
हे मी नव्या पोरांना दरवर्षी शिकवते.

कुणी धरलीय, विचारलं.
प्रोसेस बावीसशे सतरा,
चारशे दिवस न थांबता चालू.
मालकाच्या रकान्यात नाव नव्हतं, आकडा होता:
एक हजार एक.

ब्रांदुर.
जानेवारीत गेला. त्याचं खातं मीच काढलं,
ऑफिसातून कागद आला होता, खाली सही माझी.
खातं काढलं की मशीन नाव विसरतं.
आकडा ठेवतं.

किल लिहिलं. एंटर दाबला नाही.
आधी बघावं तरी, म्हणून
त्याच्याच मुठीतून फाइलचं शेपूट ओढलं.

शीतगृह तीन मागचं दार उघडं
शीतगृह तीन मागचं दार उघडं
उणे अकरा
शीतगृह तीन मागचं दार उघडं
उणे अकरा
उणे दहा

सोमवारपासून. सेकंदाला शेकडो ओळी.
बुधवारनंतरच्या सगळ्या
मी पुसलेल्या कागदावर लिहिलेल्या.

हॉग्नीला उठवलं, रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला.
"त्या दारानं कोण जातं, बाई?"
तरी गेला. फोन खिशात चालूच.
बर्फावर बूट. साखळी. मग बराच वेळ काहीच नाही.
"वीतभर," तो म्हणाला. "फळी अडकलीय.
माझा हात आत जातोय."
मग फळी निघाल्याचा आवाज,
आणि दार लागल्याचा, जो मला ओट्याशी ऐकू आला.

आता किल. नुसतं, सांगून.
नऊ नंबरचं नाही.
ब्रांदुरला कुणी दचकवून उठवलेलं खपायचं नाही.

डिस्क बासष्टवर उतरली.
सुन्निवाचा मेसेज: कॉड, ४१.६ किलो,
आणि लेबलाचा फोटो, वाकडा.

स्क्रिप्ट उघडली. माथ्यावर त्याची टीप:
दार लावलंय म्हणणाऱ्यावर विसंबू नये.
खालच्या ओळीत: यात मीही आलो.
'विसंबू'चं स्पेलिंग चुकलेलं.
ते तसंच ठेवलं. ओळी मिनिटाला एक केल्या,
आणि दार उघडं दिसलं तर फोन माझ्याकडे.
पुन्हा चालू केली.

मालकाचा रकाना बदलायला हवा.
सोमवारी बघू.
स्वेटर अजून उलटाच होता,
आणि वारा पडायचं नाव घेत नव्हता.