चोपन्न किलो

स्वॉन्झीत, टायरच्या दुकानावरची जिम.
एम्रिस एकशे सहा किलोंचा, मी चोपन्न.
आधी त्याचं पोट वळतं, मागून तो.

दोन राउंड तो मला जपून मारतो,
झोपलेल्या बाळावरचं पांघरूण सारावं तसं.
त्याचाच राग येतो मला.
"नीट मार," म्हणते,
माउथगार्डमधून नुसता फेस निघतो,
पण त्याला कळतं.

बरगडीखाली एकच.

दोराला धरून, वाकून,
श्वास कुठे सांडला ते शोधत असताना
दिसतो त्याचा डावा बूट:
लेसऐवजी सुतळी, तीही दोनदा गाठ मारलेली.

घंटा.
माझे ग्लोव्ह सोडताना
त्याचीच बोटं थरथरतात.
"दुखलं?"

खोटं बोलायला लागतो तेवढा श्वास
अजून परत आलेला नाही.