थंड उजेड

पूर्वी बल्ब तापायचा.
स्टुलावर चढून खाली तळवा धरला की कळायचं,
चालू आहे.
एकतीस वर्षं ब्रशांच्या कारखान्यात
घोड्याच्या केसांचे जुडगे भोकांत ओवले मी.
बोटांनी विचारलं तर वस्तू खोटं बोलत नाहीत,
हा माझा अनुभव.

मग तिमोनने, माझ्या भाच्याने,
घरभर नवे दिवे लावून दिले. वीज वाचते म्हणाला.
हे दिवे जळतात,
पण हाताला काही सांगत नाहीत.

समोरच्या दारातली जाग्ना
शाळा सुटली की माझ्या स्वयंपाकघरात गणितं सोडवते.
तिच्या घरी तीन भाऊ आहेत आणि एक ड्रम.
जाताना ती कप विसळते, खुर्ची टेबलाखाली सारते
आणि दिवा विसरते.
डिसेंबरात आमच्या तोरुनला
साडेतीनलाच अंधार पडतो म्हणे.

तिमोन म्हणाला, मावशी, यावर ॲप आहे.
यावर नेहमीच ॲप असतं.
नोट ओळखायला एक, पत्र वाचायला एक,
मोज्याचा रंग सांगायला एक;
त्याला निळ्या-राखाडीत कायम शंका,
आणि त्या शंकेचेही पैसे पडतात.
हे मात्र सात दिवस फुकट होतं.

फोन उजेडाकडे धरायचा. उजेड जास्त, तसा सूर उंच.
पहिल्या संध्याकाळी दिवा सापडला,
किटलीसारखा किंचाळत होता.
काम झालं होतं. फोन ठेवून द्यायला हवा होता.
ठेवला नाही.
फ्रिज उघडला तर आतून कोणीतरी दचकून ओरडलं.
पलंगाखाली एक जाड, झोपाळू गुरगुर.
कपाटाच्या फटीत बारीकशी शीळ, माझ्याच कोटांमध्ये,
इतकी वर्षं.

आणि खिडकी.
तीन वाजता तिच्यापाशी बसले
तर सूर हळूहळू खाली जायला लागला,
काकड्यांची बरणी घेऊन
कोणी जपून तळघराचा जिना उतरावं तसा.
मध्येच थांबला. ढग सरला असेल.
दोन पायऱ्या वर आला. पुन्हा उतरला.
एकसष्ट वर्षं ऐकत आले, अंधार पडला, अंधार पडला.
मला वाटायचं, धपकन पडत असेल,
ताटल्यांचा ढीग पडावा तसा.
तो पडत नाही हो.
त्याला कसलीही घाई नसते.

सहा दिवस मी रोज तीनला खिडकीशी होते.

आठव्या दिवशी त्याच अदबशीर आवाजात फोन म्हणाला,
महिन्याला तीस झ्लॉटी,
वर्षाचे एकदम भरल्यास बचत.
पेन्शनमधून भाडं जातं, हीटिंग जातं,
डोळ्यांचे थेंब जातात
(दिसत नसले तरी डोळे दुखतात),
पत्रं वाचणाऱ्या ॲपचे जातात,
कारण ही सगळी बिलं पत्रानेच येतात.

जाग्नाला म्हटलं, तुझ्या वहीत एक गणित घाल.
नऊ वॅटचा दिवा, रात्रंदिवस, महिनाभर.
तिने पेन्सिल चावली, हातचा धरला,
खोडलं, पुन्हा केलं.
साडेसहा झ्लॉटी, मावशी.
पुन्हा बघ.
साडेसहाच.

तेव्हापासून माझ्या स्वयंपाकघरातला दिवा विझत नाही.
खालचे पान झेनोन जिन्यात थांबवून विचारतात,
आजारी आहात का? रात्री दोनला उजेड दिसतो.
नाही म्हणाले. परवडतो, म्हणून लावते.
ते हसले. मी विनोद केला नव्हता.

तीन वाजले की अजूनही मी खिडकीशी बसते.
काच गार. खाली ट्राम वळते.
जाग्ना, किती उरलाय गं?
वहीतून मान न काढता ती म्हणते,
थोडा.
थोडा म्हणजे कितव्या पायरीवर,
विचारते मी.
ती म्हणते, कसली पायरी?