चाचणी बाकी

शारजा, रोल्याच्या मागची गल्ली. साल पंच्याऐंशी.
दिवा काउंटरवर ठेवून बाई म्हणाली,
मिलानचा आहे, जपून.

शेंदरी पत्र्याची वाटी, आत दुसरी, फिरणारी.
बोटानं ढकलली की बल्बला ग्रहण लागतं
हळूहळू; शेवटी कडेला नखाएवढी कोर.

वायर तडकलेली, होल्डर करपलेला. दहा दिरहमचं काम.
तरी पावतीवर ‘चाचणी बाकी’ लिहिलं
आणि रात्री फडक्यात गुंडाळून खोलीवर नेला.

खोलीत आम्ही सात. चौघांची पहाटेची पाळी,
म्हणून नऊला ट्यूब बंद.
हिची पत्रं मी संडासातल्या बल्बखाली वाचायचो,
घाईत, समासातलं तसंच ठेवून.
आज समासही वाचला:
गाईला खोंड झाला.
तुमची चप्पल अजून दारातच आहे.

ज्यानं हे आखलं त्या इटलीवाल्याच्या शेजारी
कोण झोपत असेल, किती सावध झोपेचं?

कोर आणखी बारीक केली, तेवढ्यात वरच्या बंकवरून
बाबल परुळेकर पुटपुटला, ‘दे दान, सुटे गिऱ्हाण.’
आणि खाली आला हात,
हातात त्याच्या घरचं पाकीट,
अजून न फोडलेलं.