खालचा पाट, पंचनाम्याचा तिसरा दिवस

टेपचं शून्याचं टोक माझ्या हातात.
दुसरं टोक धरून तलाठी शेडबाळे मॅडम
आडव्या पोफळींवरून पाय टाकत निघतात.
मिरजेच्या बाजूच्या. आगरात चपला
काढून हातात घ्यायच्या, हे अजून ठाऊक नाही.
"किती?"
"एकवीस. आणि ती अर्धी."
"अर्धी कशी लिहू?"

गुहागरात आम्ही वाऱ्याला दिशेवरून ओळखतो.
वैर असलं तर समुद्रावरच्याशी.
त्याच्यासाठी पश्चिमेला झड बांधायची,
होड्या वर ओढून माडाला जखडायच्या,
कौलं त्याच्या बेताने चढवायची.

हा डोंगरावरून उतरला.
मागीलदारी.
पौषातल्या रात्री, सगळी गोधडीत असताना.
म्हणजे आपला मतलईच,
जो पहाटे होडीच्या पाठीवर हात ठेवून
तिला दर्यात पोचवून येतो,
ज्याला कुणी कधी घाबरलं नाही,
लहान पोरंसुद्धा.

शाळेचे पत्रे स्मशानाकडे सापडले.
विजेचे खांब एकामागून एक
बसल्या जागी झोप यावी तसे कलंडले.
आणि झाडं सगळी एकाच अंगाला, पश्चिमेला डोकी करून,
जणू कुणी सांगितलं होतं, पालथे पडा.

मॅडम विचारतात, झाडाचं वय?
कमळाबाई आरेकर म्हणतात,
"लावलं तेव्हा आमची वैजू रांगत होती.
आता वैजूची पोर रांगते. लिहा."
मॅडम थोडा वेळ पेन धरून बसतात.
मग लिहितात, अंदाजे पंचवीस.

"आणि हेही लिहा," कमळाबाई मागे नेतात.
न्हाणीच्या दारातून थेट समुद्र.
लग्न होऊन आल्यापासून इथून
समुद्राचा नुसता आवाज यायचा.
"आता मी अंघोळ कुठे करू?
तिकडून होड्या जातात."
मॅडमच्या फॉर्मवर आडोशाला रकाना नाही.
'इतर' मध्ये घालतात. तिथे आधीच
एक विहिरीवरचा रहाट आहे,
आणि देवळाची घंटा, जी तीन रात्री कुणी वाजवली नाही
कारण ती कुठे आहे ते माहीत नाही.

शौकत परकारची होडी
वाळूवर बांधलेली, माडासकट गेली.
वर नाही आली, आत गेली.
वादळात होड्या गावात येतात, रस्त्यावर, अंगणात,
हे आम्ही पाहिलंय. होडी माणसाविना
मासेमारीला निघाली, हे नवीन.
तिच्यात कुत्रं झोपायचं, तांबूस, एका कानाचं.
शौकत त्याचं नाव सांगत नाही.
फक्त म्हणतो, "होडी एक. जाळी दोन.
डिझेल, दहा लिटर." आणि थांबतो.
मीही मॅडमना काही बोललो नाही.

सगळ्यात विचित्र गोष्ट कागदावर आलीच नाही.
आंब्याला मोहोर तेवढ्यात धरला होता.
तो सगळा वाऱ्याने समुद्रात नेला,
आणि भरतीने दुसऱ्या दिवशी परत आणून दिला.
चार मैल किनाऱ्यावर, फेसाच्या रेघेत, मोहोर.
खाऱ्या पाण्यालाही गोडूस वास.
पोरं मुठी भरभरून नाकाशी नेत होती.
म्हातारे दुसरीकडे बघत होते.

अंधार पडला तेव्हा मॅडमनी
मोबाईलच्या उजेडात माझी सही घेतली, पंच म्हणून.
"कोतवाल, तुमचं काय गेलं?"
मी म्हटलं, काही नाही.
सात पोफळी होत्या, पण जमीन दीक्षितांची,
आणि दीक्षित पुण्याला. त्यांच्या नावे लिहिल्यात
एकवीस आणि अर्ध्या मध्ये.

टेप खरखरत गुंडाळली गेली.
शेवटचं टोक मी जरा उशिरा सोडलं.

आज पहाटे मतलई पुन्हा सुटला.
हलका. दवाचा गारवा घेऊन,
कमळाबाईंच्या उघड्या न्हाणीवरून,
तिथे आता दोन साड्या बांधल्यात.
शौकत दुसऱ्याची होडी ढकलायला उतरला.
गुडघाभर पाण्यात एकदा मागे, डोंगराकडे पाहिलं.
रात्री तमाशा करून गेलेला सोयरा
सकाळी चहाला दारात उभा राहिला
तर बोलतात, तेवढंच बोलला:
"आलास?"
आणि होडीत चढला.