अंदाजपंचे

इम्के विचारते, हा आकडा आला कुठून?
तिचं बोट नियमपुस्तिकेच्या तक्त्यात, चौथ्या रांगेवर:
एका मायक्रॉन रुंदीमागे एक मिलिअँपिअर,
तापमान एकशे दहा, आयुष्य दहा वर्षं.

भट्टीतून, मी म्हणते.
कुणीतरी शेकडो तारा तीनशे अंशांवर
आठवडेच्या आठवडे भाजल्या,
झेपणार नाही एवढी वीज त्यांच्यातून सोडली,
कोणती कधी मेली ते लिहून ठेवलं,
मग ठिपक्यांना पट्टी लावून एक रेघ मारली
आणि ती कागदाबाहेर वाढवत नेली.

म्हणजे अंदाजच.

अंदाजच. पण मेलेल्यांच्या साक्षीने काढलेला.

आज तर आपली रांगच नाही तक्त्यात.
ट्रकच्या ब्रेकची चिप, इंजिनाला खेटून, दीडशे अंश,
कारखान्याचं उत्तर यायला पंधरा दिवस,
आणि रूलॉफला मांडणी शुक्रवारी हवी.
तेव्हा पेन्सिल घे.
अंदाजपंचे दाहोदरसे, पण हात राखून.

माझा बाप, बारेंड, पंच्याण्णवच्या जानेवारीत
ओयच्या बंधाऱ्यावर रात्रीचा पहारा द्यायचा.
वाल नदी काठोकाठ. गाई आधीच ट्रकांतून गेलेल्या.
तो नदीकडे पाहायचाच नाही.
कंदील घेऊन बंधाऱ्याच्या मागे फिरायचा, गवतात,
झरे शोधत.
पाणी नितळ असलं तर चहा पी, म्हणायचा,
गढूळ असलं तर बोंब मार.
गढूळ म्हणजे आतली वाळू निघाली चालायला.

तारेतही तेच, इम्के.
इलेक्ट्रॉनांचा लोंढा तांब्याच्या अणूंना रेटत नेतो,
एकेकाला, न थकता.
थेंबे थेंबे तळं साचतं, तसं
कणाकणाने ते खणलंही जातं:
एका टोकाला पोकळी, दुसऱ्या टोकाला टेंगूळ.
फक्त तिथे कंदील घेऊन फिरणारं कुणी नसतं.

माझ्या खणात एक फोटो आहे, अठ्ठ्याण्णव सालचा.
चार खिळे हवे होते तिथे मी एकच ठोकला होता,
एका थरातून दुसऱ्यात उतरणारा.
फोटोत त्याच्या बुडाशी एक काळी भेग,
आणि कोपऱ्यात, हौसेने कोरलेली, माझीच आद्याक्षरं.

असो. मांड.
चाळीस अंश चढले, आयुष्य तेराव्या हिश्श्यावर आलं.
तेराचं वर्गमूळ साडेतीनच्या जरा वर. चार धर.
आठ मिलिअँपिअर, म्हणून बत्तीस मायक्रॉन.
काटकोनात वळवू नकोस,
वीजही नदीसारखी आतल्या कडेला गर्दी करते.

बत्तीस? रूलॉफ मागे येऊन उभा.
अठरा कर. बरं, वीस.
बाजारात मासे घेतल्यासारखा.
एवढ्याने चिप केवढी वाढते, किती लाख चिपा,
गुणाकार तो तोंडीच करतो, आणि चुकत नाही.

मला त्याचं पटतं, हीच पंचाईत आहे.
नदीला जागा द्यायची ठरली
तेव्हा लेंटमधलं आमचं घर त्या जागेत आलं.
आई सहीला गेली, काही बोलली नाही,
येताना मागच्या दाराची कडी स्क्रूसकट काढून आणली.
आता तिथून पाणी वाहतं, उन्हाळ्यात पोरं पोहतात.
रुंदी हवेतून येत नाही,
कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून येते.

इम्केने शेजारचा मेमरीचा ठोकळा चार मायक्रॉन सरकवला,
मग आणखी चार, ओठ चावत,
आणि सोळा खिळे ठोकले.
शुक्रवारी बत्तीसच गेले.
शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं: अंदाज. खाली सही.

कारखान्याचं पत्र सोळाव्या दिवशी आलं.
सत्तावीस पुरले असते.
रूलॉफने वरच्या पाचांभोवती लाल गोल काढला
आणि कागद माझ्या टेबलावर ठेवून गेला.

तो मी खणात टाकला, फोटोवर.
इम्के बघत होती.
पुढच्या वेळी अठ्ठावीस? तिने विचारलं.
मी म्हटलं, आधी तापमान किती ते सांग.