ध चा मा

पिरोजा आत्या देवळाच्या पायऱ्या चढताना
निम्म्यावर बसायची
आणि म्हणायची, फेरी चुकली गो,
दुसरी येईस्तोवर टेकते.
आम्ही हसायचो.

तिला लोहाच्या गोळ्या. मला बारावीपासून.
बाबाही दमायचे, पण पुरुषमाणसाचं रक्त कोण तपासतो.
वर तांबडी भाजी, बीट, गूळ,
लोखंडी कढईत ढवळलेलं काहीबाही.
नार्व्याच्या धक्क्यासमोरून तेव्हा रात्रंदिवस
खनिजाच्या बार्जी जायच्या,
दोरीवरचे पांढरे परकर तांबूस व्हायचे,
गजावर बोट फिरवलं की बोट लाल.
आणि आमच्याच घरात म्हणे लोह कमी.

बांबोळीला नक्षत्राचं रक्त काढलं.
नऊ वर्षांची. सुईकडे टक लावून बघत होती.
नळी भरली तशी म्हणाली,
एवढं तर लाल आहे.

आलेखावर एक सुळका,
नसायला हवा त्या जागी.
डॉक्टर पेनचं टोपण चावत म्हणाल्या,
लोह भरपूर आहे, तुमच्यात तर जास्तच साठलंय.
गोळ्या बंद.
साखळीतलं एक अक्षर बदललंय,
कुठल्यातरी खापरपणजीच्याही आधी.
ध चा मा, मी म्हटलं.
हसल्या. तसंच. पण यानं कुणाला मारलं नसावं,
दमवलं नुसतं.

मग त्या वंशावळ काढायला बसल्या,
पुरुषाला चौकोन, बाईला गोल,
अर्धा काळा केलेला गोल म्हणजे मी.
आत्याची दोन मुलं बाराव्या दिवसापर्यंत पोचली नव्हती.
त्यांना चौकोन की गोल,
सांगणारं घरात कुणी उरलं नाही.
डॉक्टरांनी थोडं थांबून
शंकरपाळ्यासारखे दोन आकार काढले.

बाहेर बाकावर दिवाडीची एक म्हातारी,
लिबर्ता, नातवाला घेऊन.
चष्मा विसरलेली. मला म्हणाली, वाच गो बाय.
मी कागद उलगडला.
तोच सुळका. तेच मिनिट.
मी पुन्हा वर नाव पाहिलं,
चुकून आमचाच तर दिला नाही ना.

आमची देवी एका रात्री होडीतून
दिवाडीहून नदी ओलांडून आली,
असं देवळात सांगतात.
होडीत जागा किती होती, ते सांगत नाहीत.

लिबर्तेला मी काय वाचून दाखवलं, आता आठवत नाही.
लोहाच्या गोळ्या देऊ नका, एवढं दोनदा सांगितलं.
तिनं पिशवीतून दोदोलचा तुकडा काढला,
मुलांना अर्धा अर्धा दिला,
आणि माझ्या मनगटाला धरून
नखांचा रंग बघत राहिली.
तिच्या नखांचाही तोच.

घरी अर्धी पट्टी उरली आहे गोळ्यांची.
कढीपत्त्याच्या मुळाशी पुरीन म्हणते.
अजून पुरली नाही.